कुरुंदाचं कूळ

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत माणकाच्या संदर्भात ‘कुरुविंद’ हे नाव येतं. तमिळ मुलखात मात्र ‘कुरुंदम’ म्हणजे घासकामाचा टणक दगड. आपला कुरुंदही तोच. त्याची पूड वितळलेल्या लाखेत कालवून आपले कारागीर चाक बनवत आणि त्यावर रत्नं घासत.

हा दगड मद्रासहून विलायतेला गेला. 1798 साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याच्यावर निबंध मांडला. तमिळ नावाला लॅटिन शेपूट लागून ‘कोरंडम’ झालं होतं. पुढे 1802 मध्ये काउंट द बुर्नों यांनी स्फटिकांचे कोन पडताळले आणि माणिक, नीलम आणि हा ओबडधोबड दगड एकाच खनिजाची रूपं असल्याचं दाखवलं. तिन्ही ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे ॲल्युमिनाच. माणकाचा लाल रंग तेवढा किंचित क्रोमियमचा. रत्न आणि दगड यांना एकच नाव देणारी आपली जुनी भाषा अगदीच भोंगळ नव्हती म्हणायची!

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिऱ्याच्या मागे होते. 1891 च्या सुमारास त्यांनी लोखंडी भांड्यात माती आणि कोकची भुकटी घालून तीतून विजेचा जोरदार प्रवाह सोडला. प्रवाह सोडणाऱ्या कांडीच्या टोकाला चमकदार कण चिकटले. त्या कणांनी काच सहज ओरखडली जाई. मातीतलं ॲल्युमिना आणि कोकमधला कार्बन यांचा हा संयोग, असं समजून ॲचेसन यांनी कार्बन आणि कोरंडम जोडून ‘कार्बोरंडम’ नाव ठेवलं. रासायनिक तपासणीत निघालं सिलिकॉन कार्बाइड. ॲल्युमिनाचा त्यात संबंधच नव्हता. पण 1893 साली पेटंट मिळालं, माल विकू लागला, मग नाव कोण बदलतो?

1954 मध्ये ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ ही कंपनी मद्रासेतच उभी राहिली. मूळ शब्द जिथला, तिथेच तो अमेरिकेचा शिक्का घेऊन आला.

चिनीमातीची भांडी भाजणाऱ्यांना हे सिलिकॉन कार्बाइड ओळखीचं आहे. भट्टीतल्या अनेक फळ्या त्याच्या असतात, कारण प्रचंड तापूनही त्या सहसा वाकत नाहीत. फक्त ओघळलेली झिलई त्यांना चिकटू नये म्हणून वरून एक पांढरा लेप द्यावा लागतो. तो लेप बहुधा केओलिन आणि ॲल्युमिनाचा असतो.