क्विक रिलीज (ट्रायपॉडवरील)

कॅमेरा ट्रायपॉडच्या माथ्यावर झटपट बसवण्याची व काढण्याची, प्लेट आणि क्लॅम्प अशा दोन भागांची यांत्रिक जोडणी (पाहा : कॅमेरा, ट्रायपॉड).

मूळ जोडणी थेट स्क्रूची. तिच्या आट्यांची 1/4 व 3/8 इंच ही मापे आयएसओ 1222 या मानकात निश्चित असल्याने प्लेट बहुतेक कॅमेऱ्यांना लागते. प्लेट क्लॅम्पमध्ये बसते त्या खाचेला मात्र असे बंधनकारक मानक नाही. आर्का-स्विस कंपनीची सुमारे 38 मिमी. रुंद, तिरप्या कडांची प्लेट इतर उत्पादकांनी उचलली. मॅनफ्रोटोची आरसी2 प्लेट त्या खाचेत बसत नाही.

‘आर्का-जोगत्या’ प्लेटांच्या रुंदीतही किंचित फरक आढळतो. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प तो सामावून घेतो. ठरावीक उघडझापीच्या लिव्हरच्या क्लॅम्पमध्ये प्लेट सैल राहू शकते, म्हणून भिन्न बनावटीचे भाग जोडताना स्क्रूचा क्लॅम्प अधिक भरवशाचा. प्लेटच्या टोकांची रोधक पिन क्लॅम्प सैल झाल्यावरही कॅमेरा घसरू देत नाही. ती काढून टाकणे धोक्याचे. उभ्या चौकटीत कॅमेरा स्क्रूभोवती फिरू नये म्हणून काही प्लेटांना उभी कड असते.

उत्तन (मीरा-भाईंदर) येथील कोळीवाड्यात बोंबील वाळवण व मासेमारी बोटी टिपताना खारा वारा आणि रेती या जोडणीला बाधतात. क्षाराच्या ओलाव्यात पोलादी स्क्रू व ॲल्युमिनियमची प्लेट एकत्र राहिल्यास ॲल्युमिनियम झिजते आणि आटे धरतात (पाहा : गंजणे). रेतीचा कण खाचेत अडकला, तर क्लॅम्प आवळलेला भासूनही पकड अपुरी राहते. हात सोडण्यापूर्वी कॅमेरा हलकेच ओढून पकड तपासावी.