भातसानगर : राज्याच्या वाटचालीतील एक धरणवसाहत

भातसानगर : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाटबंधारे खात्याची वसाहत. भातसा नदीवरील धरणाच्या कामासाठी ती वसविण्यात आली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१ मे १९६०) धरणांच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या वसाहतींपैकी ती एक असून मोठ्या गावांत तिची गणना होत नाही. तथापि राज्याच्या वर्धापनप्रसंगी विकासाचा जो हिशेब मांडला जातो, त्यातील जमा आणि खर्च या दोन्ही बाजू येथे जितक्या जवळजवळ दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतील.

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले आहेत. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन नाणेघाट मुरबाडच्या हद्दीवर आहे; शहापूरजवळील माहुली किल्ल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल व आदिलशाही फौजांपुढे माघार घ्यावी लागली; सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती या भागात मोठी आहे.

या डोंगराळ मुलखाचा मुंबईशी संबंध जडला तो मुख्यतः पाण्यामुळे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव अपुरे पडू लागल्यावर शहापूर तालुक्यात तानसा धरण (१८९२) बांधण्यात आले. पुढे वैतरणा नदीवर मोडकसागर (१९५७) झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबई कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर असताना त्या नगरीची तहान भागवणारे पाणी बहुतांशी ठाणे जिल्ह्याच्या रानातून येत होते. चळवळीच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख सहसा आढळत नाही. तो व्हावयास हवा.

नव्या राज्याने पाण्याच्या प्रश्नाकडे आरंभापासूनच लक्ष पुरविले. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील पाटबंधारे आयोग १९६० मध्येच नेमला गेला व १९६२ मध्ये त्याचा अहवाल आला. भातसा प्रकल्पाचे काम त्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आले. तानसा, मोडकसागर ही धरणे मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची, तर भातसा राज्य शासनाचे, हा फरक महत्त्वाचा आहे. महानगरपालिकेचे धरण शहरासाठीच असते. राज्याच्या धरणाकडून शहराचा पाणीपुरवठा, शेतीचे सिंचन व वीजनिर्मिती अशा तिहेरी अपेक्षा होत्या.

माती व दगडी बांधकामाचे हे धरण १९८३ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सु. ८८ मी., लांबी सु. ९५९ मी. असून एकूण साठवणक्षमता सु. ९७६ दशलक्ष घ. मी. आहे. पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र आहे. मुंबईच्या इतर जुन्या धरणांचे पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. भातसेचे मात्र नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत पोहोचते. तेथून ते उपसून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी या एका धरणाचे असते. ठाणे शहरही त्यातून पाणी घेते.

तिहेरी अपेक्षांपैकी पहिली पूर्ण झाली, तिसरी अल्प प्रमाणात झाली आणि दुसरी रेंगाळली. धरण उभे राहिल्यावरही कालव्यांची कामे वर्षानुवर्षे चालू राहिली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांची स्थिती आणखी अवघड झाली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने १९७६ मध्ये केला. भातसेचे काम तत्पूर्वीच सुरू झाले होते. विस्थापितांच्या मागण्या त्यामुळे पुढील पिढीकडे वारशाने गेल्या.

राज्याचा रौप्यमहोत्सव १९८५ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाविषयीचा आपला अहवाल सादर केला. विकासाचा अनुशेष मोजण्याचा तो पहिला पद्धतशीर प्रयत्न होय. मात्र त्याचे परिमाण जिल्हा हे होते. ठाणे, कल्याण, अंबरनाथ यांच्या कारखान्यांबरोबर शहापूर–मुरबाडच्या पाड्यांची सरासरी काढली, की पाड्यांचे दारिद्र्य आकड्यांत विरघळून जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उर्वरित ठाणे जिल्ह्यात ही विसंगती अधिकच ठळक झाली.

शहापूर तालुक्यात वर्षाकाठी २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु कातळ कठीण व उतार तीव्र असल्याने पाणी मुरत नाही; फेब्रुवारी–मार्चपासून विहिरी तळ गाठतात आणि पाड्यांवर टँकर धावू लागतात. जलाशय दिसतो, पण तो पाड्यांच्या खालच्या पातळीवर असतो. पाणी वर चढविण्यासाठी वीज लागते व तिचे देयक भरण्याची ऐपत ग्रामपंचायतींना नसते. म्हणूनच नाशिक जिल्ह्यातील उंचावरच्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना पुढे आली. उशाला धरण असलेल्या तालुक्याने सह्याद्रीपलीकडून पाणी आणावे, यात अभियांत्रिकीच्या दृष्टीने काही चूक नाही. मात्र मुंबईसाठी हीच गरज पडती, तर तिला इतकी वर्षे लागली नसती, असे म्हणावेसे वाटते.

मुरबाडकडे अनुभव निराळा आहे. काळू नदीवर प्रस्तावित असलेल्या धरणाला तेथील आदिवासी व शेतकरी यांनी विरोध केला आणि वनविषयक परवानगीअभावी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबविले. शेजारच्या भातसेची कहाणी त्या लोकांना ठाऊक होती.

पुढील महोत्सवांची वर्षे येथे कसोटीची ठरली. सुवर्णमहोत्सवी १ मे २०१० रोजी, आदल्या वर्षीच्या अपुऱ्या पावसामुळे मुंबईत पाणीकपात चालू होती. हीरकमहोत्सवी १ मे २०२० टाळेबंदीत गेला. मोठे समारंभ झाले नाहीत आणि शहापूरवरून जाणाऱ्या मुंबई–आग्रा महामार्गावर परप्रांतीय मजूर कसारा घाटाकडे पायी चालत होते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस भातसा येथील वीजकेंद्रात बिघाड झाला, तेव्हा मुंबईत सु. १५ टक्के पाणीकपात करावी लागली व भातसानगरचे नाव काही दिवस वृत्तपत्रांत झळकले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच जातो.

राज्याचा वर्धापनदिन ऐन उन्हाळ्यात येतो. त्या सुमारास जलाशय खालावलेला, विहिरी आटलेल्या आणि पावसाला महिनाभराहून अधिक अवकाश असतो. नदीपात्रातून पिशाच्या बंधाऱ्याकडे जाणारे पाणी मात्र तेव्हाही चालू असते.