गोटहार्डची वाट : पाहिलेली आणि लिहिलेली

आल्प्समधील गोटहार्डच्या खिंडीविषयी जर्मन साहित्यात जे लिहिले गेले, त्याचा विचार रस्त्याचा इतिहास बाजूला ठेवून करता येत नाही. मराठीतील ‘घाट’ हा शब्द डोंगराची चढण आणि तिच्यावरचा रस्ता या दोहोंना पुरतो. प्रस्तुत विवेचनात मात्र हे दोन अर्थ वेगळे ठेवणे आवश्यक आहे. चढण जुनीच, गाडीरस्ता मात्र १८३० च्या सुमाराचा. तोवर येथे खेचरांची वाट होती.

गटे १७७५, १७७९ आणि १७९७ असा तीनदा या माथ्यावर पोहोचला आणि तिन्ही वेळा इटलीकडे न उतरता परतला. शिलरने तर स्वित्झर्लंड कधी पाहिलेच नाही. तरीही ‘विल्हेल्म टेल’च्या (१८०४) पाचव्या अंकात टेल पारिसिडाला जी वाट सांगतो, ती उत्तरेकडून पायी चढणाऱ्याला आजही त्याच क्रमाने भेटते : रॉइस नदीची घळ, पूल, खडकातले काळोखे द्वार आणि पलीकडे एकाएकी उघडणारे खोरे. हे द्वार म्हणजे उर्नरलोख बोगदा. तो खोदला गेला १७०७-०८ मध्ये. नाटकाचा काळ मात्र चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. याला केवळ कालविपर्यास म्हणून सोडून देणे पुरेसे नाही. शिलरपर्यंत ही वाट इतरांच्या लेखनातून आणि गटेच्या सांगण्यातून पोहोचली होती. बोगदाही तिच्याबरोबर आला. अनुभवाच्या अस्सलपणाला आपल्या समीक्षेत जे मोल दिले जाते, ते लावायचे तर न पाहिलेल्या वाटेचे हे वर्णन कोणत्या खात्यात जमा करावे?

दक्षिण उतारावरील त्रेमोला हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. ऐरोलोपासून सुमारे १३ किलोमीटरांत ९०० मीटरांहून अधिक चढण, चोवीस वळणे, ग्रॅनाइटची फरसबंदी. १८८२ मध्ये रेल्वे आणि १९८० मध्ये मोटाररस्ता डोंगराच्या पोटातून गेल्यावर हा रस्ता बराच ओस पडला. सायकलस्वारांना तो मिळाला तो असा. दगडांवर चाके खडखडू लागली, की आपण टपालगाडीच्या काळात शिरलो असे त्यांना वाटते. वस्तुतः रस्त्याचे आजचे रूप १९५१ सालचे आहे. पदयात्रिक वळणे तोडत सरळ वर जातो. गटेने माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, तेव्हा खाली ही वळणे नव्हतीच.