धूसरतेच्या कणांचे रासायनिक पृथक्करण

वस्तीपासून दूरच्या हवेत तरंगणारे आणि क्षितिजावरचे डोंगर पुसट करणारे सूक्ष्मकण कोणत्या पदार्थांचे आहेत, हे ठरविण्याची पद्धती. ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाचे कण आपल्या वजनाच्या मानाने प्रकाश सर्वांत जास्त विखुरतात. नुसत्या वजनावरून ते औष्णिक वीजकेंद्रातून आले, वणव्यातून की उघड्या जमिनीवरून, हे कळत नाही.

अमेरिकेत १९७७ साली स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय उद्यानांतील व रानभूमींतील दृश्यमानतेला संरक्षण मिळाले. त्यासाठी उभारलेल्या ‘इम्प्रूव्ह’ या जाळ्याने १९८८ पासून नमुने घेण्यास प्रारंभ केला. दर तिसऱ्या दिवशी २४ तास हवा ओढली जाते. २.५ मायक्रोमीटरहून मोठे कण आधीच वेगळे केले जातात आणि उरलेले एकाच वेळी तीन निरनिराळ्या गाळण्यांवर टिपले जातात. चौथ्या गाळणीवर १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण तोलण्यासाठी जमा होतात.

एकाच गाळणीवर भागत नाही, याचे कारण नमुन्याच्या चंचलपणात आहे. टेफ्लॉनची गाळणी वजनाला व क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजण्याला उत्तम; पण उबदार हवेत तिच्यावरचे अमोनियम नायट्रेट उडून जाते. नायलॉन मात्र त्यातून सुटलेले नायट्रिक आम्ल धरून ठेवते, म्हणून नायट्रेट तेथे मोजतात. कार्बनसाठी उष्णता सोसणारी क्वार्ट्झ तंतूंची गाळणी लागते. ती आधी हीलियममध्ये आणि मग ऑक्सिजन मिसळून टप्प्याटप्प्याने तापवितात. पहिल्या भागात सेंद्रिय कार्बन निघतो, परंतु त्यातला काही करपून कोळसा होतो व गाळणी आणखी काळी पडते. तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर प्रकाश पुन्हा मूळ पातळीवर आला की त्यापुढचा कार्बन काजळीचा धरतात. ही सीमारेषा बरीचशी संकेताने ठरलेली आहे. तापमानाचे टप्पे बदलले की आकडेही बदलतात.

मोजलेल्या घटकांवरून मूळ संयुगांचा हिशेब मांडला जातो. गंधकाला ४.१२५ ने गुणले की अमोनियम सल्फेट मिळते. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम, लोह व टिटॅनियम यांवरून माती ठरते. सेंद्रिय कार्बनवरून सेंद्रिय पदार्थांचे वजन काढण्याचा गुणक हा सर्वांत कच्चा दुवा आहे. पूर्वी तो १.४ धरीत, पुढे १.८ धरू लागले; ताज्या व मुरलेल्या धुराला एकच गुणक लावणे मुळात अवघड. पोटॅशियम मातीतही असते व लाकडाच्या धुरातही, म्हणून लोहाच्या प्रमाणावरून मातीचा वाटा वजा करूनच ते धुराची खूण ठरते.

अमेरिकेच्या पूर्वेकडील ग्रेट स्मोकी पर्वतातील उन्हाळी धूसरतेत दीर्घकाळ सल्फेटचा वाटा मोठा होता. वीजकेंद्रांचे गंधक उत्सर्जन घटल्यावर तो उतरला. त्या देशाच्या पश्चिमेकडे वणव्यांच्या दिवसांत सेंद्रिय कार्बन वरचढ ठरतो. सल्फेट व नायट्रेट दमट हवेत पाणी शोषून फुगतात, गाळण्या मात्र कोरड्या तोलल्या जातात. त्यामुळे दृश्यमानता काढताना आर्द्रतेचा गुणक लावावा लागतो.

भारतातील ग्रामीण हवेत चुलीतले सरपण आणि शेतात जाळलेले पाचट, काड यांचा धूर मिसळतो. त्यातील तपकिरी कार्बन सेंद्रिय असूनही निळा व जंबुपार प्रकाश शोषतो. म्हणून अशा नमुन्यांचे शोषण अनेक तरंगलांबींवर मोजतात.