अक्षरांचे रूप आणि वाचनाची सुलभता

रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची कॅपिटल आणि स्मॉल अशी दोन रूपे असतात. संपूर्ण कॅपिटलमध्ये लिहिलेली सूचना ठळक दिसते. म्हणून ती वाचण्यासही सोपी असावी, असा समज रूढ आहे. सलग मजकुराबाबत तो खरा ठरत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ माइल्स टिंकर व डोनाल्ड पॅटरसन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा मजकूर वाचण्याचा वेग दहा टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. कॅपिटल अक्षरे एकाच उंचीची असतात व अधिक जागा व्यापतात. शिवाय वाचकाची नजर स्मॉल अक्षरांना सरावलेली असते.

रस्त्यावरील फलकाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे परिच्छेद नव्हे, तर धावत्या वाहनातून गावाचे नाव वाचायचे असते. ब्रिटनमध्ये नव्या द्रुतगती मार्गांच्या फलकांसाठी १९५७ मध्ये अँडरसन समिती नेमण्यात आली. जॉक किनिअर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी तिच्यासाठी निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांची मांडणी केली. गावाच्या नावाचे केवळ आद्याक्षर कॅपिटल ठेवले आणि दोन अक्षरांमधील अंतरही निश्चित केले. डिसेंबर १९५८ मध्ये खुल्या झालेल्या प्रेस्टन बाह्यवळण मार्गावर हे फलक लागले.

शिलालेख कोरणारे अक्षरकार डेव्हिड किंडर्स्ली यांनी यास आक्षेप घेतला. नावे कॅपिटलमध्ये लिहिल्यास लहान फलकही पुरेल, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा बेन्सन येथील विमानतळावर स्वयंसेवकांना बसवून त्यांच्या दिशेने फलक लावलेली मोटार चालविण्यात आली. किंडर्स्ली यांची अक्षरे किंचित सरस ठरली. पण फरक नगण्य होता. पुढे सर्वसाधारण रस्त्यांसाठी नेमलेल्या वॉरबॉइज समितीनेही मिश्र अक्षरांचीच पद्धत स्वीकारली आणि १ जानेवारी १९६५ पासून ती अमलात आली.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही. तिच्या अडचणी निराळ्या आहेत. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद दुरून पाहताना शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. अक्षरे अतिठळक केली, की तो खंड बुजतो. वेलांटी, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली येतो. दोन ओळी जवळ आणल्यास ही चिन्हे एकमेकांत गुंततात. वरखाली ही जागा राखावी लागत असल्याने रोमनच्याच मापात लिहिलेल्या देवनागरी अक्षराचा मुख्य भाग अनेकदा लहान दिसतो. त्यामुळे द्विभाषिक फलकावर दोन्ही लिपींना एकच माप देणे वरकरणी समान वाटले, तरी मराठी वाचकाला आपल्या गावाचे नाव वाचण्यासाठी फलकाच्या अधिक जवळ जावे लागते.