हे ठोकळे मुळात कोणासाठी होते?

पुण्या-मुंबईच्या उच्चभ्रू भागात 'मॉन्टेसरी' अशी पाटी लावलेल्या बालशाळा गल्लोगल्ली दिसतात. वर्षाची फी ऐकली की आपल्या वस्तीतल्या बापाला कित्येक महिन्यांची मजुरी डोळ्यांसमोर दिसते. तिथे तीन-चार वर्षांची मुलं मनोरे रचतात, खाचांत लाकडी दट्टे बसवतात, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवतात. आमचं बाळ खेळता खेळता शिकतं, असं पालक कौतुकाने सांगतात. पण या पद्धतीचा उगम कुठला, हे त्यांतल्या किती जणांना माहीत आहे? युरोपातल्या डॉक्टरांनी ज्या मुलांना 'इडियट' ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं, त्या मुलांबरोबर काम करताना ती घडली. आज तीच मुलं त्या वर्गाच्या दाराबाहेर आहेत. निर्मिती कोणासाठी आणि मालकी कोणाची, हा प्रश्न आंबेडकरी तरुणांना नवा नाही. म्हणून हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

जानेवारी 1800. दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात जंगलातून आलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा सापडला. बोलत नव्हता, अंगावर कपडा ठेवत नव्हता. त्याला पॅरिसला नेलं. वेड्यांच्या बेड्या काढणारा म्हणून ज्याचं नाव घेतात तो पिनेल हा त्या काळचा सर्वांत मोठा तज्ज्ञ. त्याने निकाल दिला की हा जन्मजात मंद आहे, सुधारण्याची आशा नाही. मूकबधिरांच्या संस्थेतला इतार नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर हा निकाल मानायला तयार नव्हता. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिलं आणि सुमारे पाच वर्षं त्याच्याबरोबर घालवली.

इतारने सुरुवात केली ती खेळाने. उपड्या पेल्यांपैकी एकाखाली व्हिक्टरच्या आवडीचं चेस्टनट लपवायचं आणि तो पेला त्याला शोधू द्यायचा. मग पेल्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे नजर हलत्या पेल्यावर ठेवावी लागते. पुढे खाऊच्या जागी न खाण्याची वस्तू ठेवली, तरी पोरगा शोधतच राहिला. भुकेपोटी सुरू झालेलं लक्ष आता खेळासाठी टिकू लागलं होतं. आपल्याकडे वाटीखाली शेंगदाणा लपवून हाच खेळ घराघरांत खेळतात.

व्हिक्टर बोलायला शिकला नाही आणि इतार शेवटी निराश झाला. पण त्याच्याच 1806 च्या अहवालात एक प्रसंग आहे. व्हिक्टरला सांभाळणाऱ्या गेराँबाईंचा नवरा वारला. व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचंही ताट मांडलं. बाईंना रडू आलं. त्याने ताट उचलून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी मांडलं नाही. पिनेलच्या निकालपत्रात या मुलासाठी जागा नव्हती. 1828 मध्ये मरेपर्यंत तो याच बाईंजवळ राहिला. इतिहासात नाव झालं ते डॉक्टरचं!

इतारचा शिष्य सेगँ. आपल्याकडचे दवाखाने त्याला 'सेग्विन' म्हणतात. हा समतेचं स्वप्न पाहणाऱ्या साँ-सिमोनवाद्यांतला माणूस. त्याने 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये अशा मुलांची शाळा काढली. हात, डोळे, कान, स्नायू यांना खेळातून जागं करायचं आणि तिथून विचारापर्यंत जायचं, अशी त्याची रीत होती. लाकडी फळीतल्या खाचांत त्या त्या आकाराचे ठोकळे बसवणं हे त्याचं प्रसिद्ध साधन. मूल चुकलं तर ठोकळाच बसत नाही, त्यामुळे मास्तरला ओरडावं लागत नाही.

मारिया मॉन्टेसरी 1896 मध्ये डॉक्टर झाली. रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मुलं तिने पाहिली. त्यांना हाताळायला एकही वस्तू दिलेली नव्हती. तिने इतार आणि सेगँचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरून काढले आणि 1900 मध्ये रोमला सुरू झालेल्या शाळेत ही साधनं वापरली. तिथली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक वाहवा करत होते आणि ती मात्र विचारत होती की सर्वसाधारण शाळा धडधाकट मुलांना इतकं खाली दाबून ठेवते तरी कशी? मग 6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेंझो या रोमच्या गरीब वस्तीत तिने मजुरांच्या पोरांसाठी 'बालगृह' उघडलं. म्हणजे ही पद्धत आधी अपंगांच्या आणि मग गरिबांच्या हातात होती. श्रीमंत सगळ्यात शेवटी आले.

त्याच 1907 साली अमेरिकेच्या इंडियाना राज्याने 'मंद' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने कोणत्या मुलाला जास्त मदत लागते हे कळावं म्हणून 1905 मध्ये चाचणी बनवली होती. गोडार्डने ती अमेरिकेत नेली आणि माणसांवर शिक्के मारायला वापरली. अशा माणसांना समाजापासून वेगळं ठेवा, त्यांना मुलं होऊ देऊ नका, हा त्याचा प्रचार होता. सेगँची फळीही त्याच्या हातात चाचणी झाली. पुढे जर्मनीत 1933 मध्ये नसबंदीचा कायदा आला आणि 1939 पासून अपंगांच्या कत्तली सुरू झाल्या. ऑगस्ट 1941 पर्यंत विषारी वायूने मारलेल्यांचा आकडा सत्तर हजारांवर गेला होता. वंशशुद्धीचं हेच तर्कट आपल्याकडचे काही पंडित जातिव्यवस्थेच्या समर्थनासाठी वापरत होते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये ते खोडून काढलं, हे इथे विसरू नका.

ती फळी आजही आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यांत भेटते. दहा ठोकळे, तीन वेळा बसवायचे, सर्वांत कमी वेळ मोजायचा आणि त्यावरून मानसिक वय काढायचं. चाचणीला माझा विरोध नाही, प्रमाणपत्राशिवाय हक्काचा लाभ मिळत नाही हे मलाही कळतं. पण बनवणाऱ्याने हे ठोकळे मुलाने रोज खेळावं म्हणून दिले होते. आपल्या पोराच्या हातात ते आयुष्यात एकदा येतात, घड्याळ लावून, आणि त्यानंतर काढून घेतले जातात.

मॉन्टेसरी 1939 मध्ये भारतात आली ती मद्रासच्या अड्यारला, थिऑसॉफिस्टांकडे. इथे तिच्या नावाचं काय झालं ते वर सांगितलंच. न्यायाने एक अपवाद नोंदवला पाहिजे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन त्यांनी बालवाडी चालवली. मुलं येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा आणि अनुताई वाघ यांचा विचार होता. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारी योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अंगण आलं, खेळ मात्र खिचडीच्या पातेल्यामागे गेला. सेविकेला मानधनावर राबवायचं, नोंदींचा बोजा तिच्यावर टाकायचा, मग ती खेळ घेणार कधी?

आता कायदा बघा. संविधानाचं मूळ कलम 45 चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत 'सर्व बालकांना' मोफत शिक्षण देण्याचं सांगत होतं. खालची वयोमर्यादा नव्हती. 23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत हे फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं करा, अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचं नाही असं आपण म्हणतो, तर तोवर ते शिक्षणसंस्थेत असलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्या मुलांना 'राज्य प्रयत्न करील' एवढ्यावर सोडलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा वयाचाच आहे. (हरिजन म्हणून वरून लादलेलं गोड नाव आपण नाकारलं. 'दिव्यांग' या नावाबद्दल त्या माणसांना कोणी विचारलं होतं का?) ज्या वयात अशा मुलाला शिकवणीची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेच वय हक्काबाहेर.

त्या वयात खेळ काय करतो? डाऊन सिंड्रोमच्या मुलाचे स्नायू सैल असतात, बोलणं उशिरा येतं. फुगे फुंकणं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं, कणीक तिंबणं यांतून ओठ आणि बोटं कामाला लागतात. स्वमग्न मूल तासन्‌तास बाटल्यांची झाकणं ओळीत लावतं. जाणती शिक्षिका ती ओळ मोडत नाही. शेजारी बसून स्वतःची ओळ लावते. काही दिवसांनी आपलं एक झाकण त्याच्या ओळीच्या टोकाला ठेवते आणि थांबते. पोराने एक क्षण तिच्याकडे पाहिलं की 'माझी पाळी, तुझी पाळी' याचा पहिला धडा झाला. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला गोधडीच्या वळकटीचा आधार देऊन बसवलं की त्याचे हात मोकळे होतात आणि चेंडू ढकलता येतो. यातल्या कशालाही लाखाची साधनं लागत नाहीत. वेळ लागतो, प्रशिक्षण लागतं आणि मुलाला वर्गात बसू द्यावं लागतं.

हे बसू देणंच अडतं. शाळेत कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसलेल्या भीमरावाची गोष्ट आपण दरवर्षी 14 एप्रिलला सांगतो. मग आपल्याच वस्तीतलं असं मूल घराच्या मागच्या खोलीत का बसतं? मागच्या जन्माचं पाप, असं आपल्यातलीही माणसं कुजबुजतात. अस्पृश्याला अस्पृश्य ठेवणारा हाच पूर्वजन्माचा सिद्धांत होता आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी तो फेटाळला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो अपंग लेकरापुरता शिल्लक राहतो याचा राग आला पाहिजे.

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांची कार्यपद्धती जाहीर केली. तपासणी, समावेश, पुढे पाठवणी अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत मधल्या पायरीचा हिशेब लेखी मागावा. नोंदीत अपंग मुलं किती, त्यांतली रोज येऊन बसणारी किती, सेविकेला त्यासाठी प्रशिक्षण आणि जादा मदतनीस मिळाली का. आणि खेळण्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेही विचारा.