पत्त्याची पाठ

जुने पत्ते गोळा करणाऱ्याच्या हातात नवा कॅट आला की तो आधी दोन गोष्टी बघतो. एक इस्पिकचा एक्का, दुसरी पत्त्याची पाठ. राजा-राणी-गुलाम सगळ्यात शेवटी, कारण ते शंभर-दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. एक्का आणि पाठ मात्र बोलतात. कॅट कुठे छापला, साधारण कधी, त्यावर कर भरला होता का आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे सगळं तिथे सापडतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रविवारी जुन्या बाजारात फिरायचं, मुंबईला गेलो तर चोर बाजारात डोकवायचं, एवढाच माझा छंद. त्यातून जमलेल्या कॅटांमध्ये बरेचसे जाहिरातीचे आहेत. विमान कंपन्या, दारू, बिस्किटं, सिगारेटी. एअर इंडियाचा महाराजाही पत्त्यांच्या पाठीवर बसलेला आहे. अशाच जाहिरातीच्या पत्त्यांमध्ये ब्रिटनमधल्या को-ऑप दुकानांच्या नावाचे कॅटही असतात. सहकारी दुकानाचा इतिहास वाचायला मी लागलो तो त्या पाठींमुळे. वाचत गेलो तसं लक्षात आलं की पत्ते आणि सहकारी दुकान यांच्यात एक समान धागा आहे, आणि तो आपल्या फोनमधल्या कॅशबॅकपर्यंत येतो.

एक्क्यावरची सही

इस्पिकचा एक्का एवढा नटवलेला का असतो? बाकीचे तीन एक्के साधे, हाच एक वेलबुट्टीचा. याचं कारण कर.

इंग्लंडमध्ये १७११ पासून पत्त्यांच्या प्रत्येक कॅटवर सहा पेन्स कर लागू झाला. कर भरल्याची खूण एका पत्त्यावर असायची, आणि तो पत्ता म्हणजे इस्पिकचा एक्का. पुढे तर हा एक्का सरकारच छापू लागलं. त्याची नक्कल म्हणजे बनावट सरकारी शिक्का. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला याच गुन्ह्यासाठी १८०५ मध्ये फाशी झाली. १८६२ मध्ये कर तीन पेन्सवर आला, एक्का छापायची मोकळीक उत्पादकांना मिळाली आणि त्यांनी तिथे आपलं नाव मिरवायला सुरुवात केली. कर पूर्ण गेला तो थेट १९६० मध्ये. कर गेला तरी नक्षी मात्र राहिली. तुमच्या घरातल्या शंभर रुपयांच्या कॅटमध्येही ती आहे.

कोरी पाठ

आता पाठीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या पत्त्यांची पाठ बहुतेक वेळा कोरी असे. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफा बघा. गोल, हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत असे १२० पत्ते असतात. पुढच्या बाजूला मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार, पण पाठ एकरंगी. खेळाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण पाठीवरून पत्ता ओळखू आला तर खेळच संपला.

पण युरोपात कागद महाग होता आणि पत्त्याचा पुठ्ठा मजबूत. कोरी जागा कोण वाया घालवणार? लोक त्यावर चिठ्ठ्या लिहायचे, निमंत्रणं पाठवायचे, उधारी लिहून द्यायचे. तत्त्वज्ञ रूसोने आयुष्याच्या शेवटी आपली टिपणं पत्त्यांवर लिहिली. ते पत्ते न्यूशातेलच्या ग्रंथालयात आजही जपलेले आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जप्त झालेल्या पुस्तकांची यादी करायची होती, तेव्हा १७९१ मध्ये सरकारने ती पत्त्यांच्या पाठीवर करायला सांगितली. तिथे एका पुस्तकाला एक पत्ता मिळाला. डेटाबेस शिकलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र कॅनडातली आहे. १६८५ मध्ये तिथल्या फ्रेंच वसाहतीत सैनिकांना पगार द्यायला नाणीच उरली नव्हती. पैसे घेऊन येणारं जहाज वेळेवर आलं नव्हतं. जाक द म्यूल नावाच्या अधिकाऱ्याने लोकांकडचे पत्ते मागवले, त्यांवर रक्कम आणि सही घातली आणि तेच पैसे म्हणून वाटले. व्यापाऱ्यांना ते घ्यावेच लागतील, असा हुकूमही काढला. जहाज आलं तेव्हा पत्ते परत घेऊन खरे पैसे दिले गेले. त्या पहिल्या खेपेतला एकही पत्ता आज शिल्लक नाही. वचन पाळलं गेलं, त्यामुळे कागद उरला नाही.

युक्ती चालली म्हटल्यावर ती पुन्हापुन्हा वापरली गेली. पत्ते वाढत गेले, मागे तेवढे पैसे नव्हते. शेवटी १७१० च्या दशकात ते निम्म्या किमतीला परत घ्यायचं ठरलं. ज्यांच्या हातात पत्ते होते, त्यांना या निर्णयात काहीही मत नव्हतं.

एवढं वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

मालकाचं टोकन, सभासदाचं टोकन

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कारखान्यांत आणि खाणींत एक पद्धत रुळलेली होती. मजुरी रोख न देता टोकन किंवा चिठ्ठी द्यायची, आणि ती फक्त मालकाच्याच दुकानात चालायची. भाव मालकाचा, माप मालकाचं, माल मालक देईल तो. म्हणजे एका हाताने दिलेली मजुरी दुसऱ्या हाताने परत. १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मजुरी नाण्यांतच देणं बंधनकारक केलं, तरी पळवाटा निघत राहिल्या. साध्या दुकानांतही फार बरं नव्हतं. पिठात तुरटी आणि चहात भलतीच पानं मिसळलेली असायची. उधारीच्या वहीत नाव असलेल्या माणसाला तक्रार करायची सोय नव्हती.

अशा काळात मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात २८ जणांनी दुकान काढायचं ठरवलं. त्यात बरेच विणकर होते. आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत त्यांनी २८ पौंड जमवले, तोड लेन नावाच्या गल्लीत एक जागा भाड्याने घेतली आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी दार उघडलं. आत लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. बस. वर्षभरात सभासद ७४ झाले.

सहकारी दुकानं याआधीही निघाली होती आणि बुडाली होती. रॉचडेलवाले टिकले ते त्यांच्या नियमांमुळे. शुद्ध माल, पुरं माप. उधारी बंद. भाग कितीही असोत, मत एकच. बायकांनाही सभासद होता येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम होता वाढाव्याचा. खर्च, भांडवलावरचं मर्यादित व्याज आणि राखीव रक्कम वजा जाता जे उरेल, ते सभासदांत वाटायचं, पण प्रत्येकाच्या भांडवलाच्या नव्हे, तर खरेदीच्या प्रमाणात.

उदाहरण घेऊ. एखाद्या तिमाहीत पौंडामागे दोन शिलिंग लाभांश ठरला. एका पौंडात वीस शिलिंग, म्हणजे हे झाले दहा टक्के. ज्या घराने तीन महिन्यांत पाच पौंडांचं सामान नेलं, त्याला दहा शिलिंग परत. दुकानाने बाजारभावानेच विकलं, त्यामुळे शेजारच्या दुकानदारांशी भावयुद्ध झालं नाही. आणि गरीब घरात, जिथे पैसे बाजूला ठेवणं अशक्य होतं, तिथे पीठमीठ घेताघेताच बचत झाली.

मग कोणी किती खरेदी केली हे लक्षात कसं ठेवायचं? इथे टोकन परत आलं. अनेक को-ऑप दुकानं प्रत्येक खरेदीवर रकमेचे छोटे धातूचे बिल्ले देत. सभासद ते साठवायचे आणि तिमाहीच्या शेवटी मोजून परत द्यायचे. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे बिल्ले आजही मिळतात. मालकाच्या दुकानाचं टोकन आणि हे टोकन शेजारी ठेवलं तर फरक कळणारही नाही. दोन्ही धातूचे, दोन्हींवर दुकानाचं नाव आणि आकडा. पण पहिलं टोकन मजुराला बांधून ठेवायचं, दुसरं टोकन म्हणजे दुकानाच्या मालकीचा पुरावा होता.

पुढे बिल्ल्यांऐवजी सभासद क्रमांक आला. सामान घेताना क्रमांक सांगायचा, दुकानदार तो लिहून घेणार. ब्रिटनमध्ये आजही असे म्हातारे लोक भेटतात ज्यांना आपल्या आईचा को-ऑप क्रमांक पाठ आहे. लहानपणी दुकानात पिटाळताना आईने तो घोकून घेतलेला असतो. आपल्याला बँकेचा पासवर्ड आठवत नाही!

स्टॅम्प

रॉचडेलच्या नमुन्यावर गावोगाव दुकानं निघाली. १८६३ मध्ये अशा संस्थांनी मिळून स्वतःची घाऊक संस्था उभी केली, पुढे तिचे कारखाने झाले, चहा-बिस्किटांपासून साबणापर्यंत माल झाला, आणि जाहिरातही आली. पत्त्यांच्या पाठीवर को-ऑपचं नाव येतं ते या वाटेने. यात एक गंमतही आहे. रॉचडेलच्या मूळ उद्दिष्टांत दारूबंदीवालं हॉटेल काढायचं होतं. असल्या सोज्वळ चळवळीचं नाव एक दिवस रमीच्या डावात फिरणार होतं!

मग १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये ग्रीन शील्ड स्टॅम्प आले. एक खासगी कंपनी दुकानांना स्टॅम्प विकायची, दुकान ते गिऱ्हाइकाला द्यायचं, गिऱ्हाईक ते वहीत चिकटवून भेटवस्तू घ्यायचं. लोक वेडे झाले. सुपरमार्केटशी टक्कर देताना को-ऑपचा लाभांश तोपर्यंत रोडावला होता. तेव्हा १९६० च्या दशकाच्या शेवटी को-ऑपनेही लाभांशाऐवजी स्टॅम्प सुरू केले.

हिशेबाने बघितलं तर यात वाईट काय? गिऱ्हाइकाला काहीतरी परत मिळतच होतं. पण तिमाही सभेत जाहीर होणारा आणि ज्यावर सभासद भांडू शकत होते असा आकडा आता चिकटवायच्या कागदात बदलला. को-ऑपचा स्टॅम्प आणि समोरच्या दुकानाचा स्टॅम्प सारखेच दिसायला लागले. आपण या दुकानाचे मालक आहोत, हे विसरायला याहून सोपी सोय नव्हती.

नायगाव आणि पुढे

आपल्याकडे रॉचडेलचा विचार लवकर पोचला. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात १९०४ मध्ये सहकारी दुकान सुरू झालं. त्याच वर्षी आलेल्या सहकारी कायद्यात फक्त पतसंस्थांची सोय होती. दुकानांसारख्या इतर संस्थांना कायद्यात जागा मिळाली ती १९१२ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं तशी ग्राहक संस्थांची संख्या वाढली, आणि नियंत्रणं उठल्यावर त्यातल्या अनेक कोसळल्या. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत जे दुकान उभं राहिलं, ते पुढे अपना बाजार म्हणून घराघरात पोचलं.

१९६२ च्या युद्धानंतर भाव भडकले तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची मोठी योजना आणली. १९६६ मध्ये दिल्लीत सुपर बाजार, १९६८ मध्ये मुंबईत सहकारी भांडार. यातून स्वस्त आणि खात्रीचा माल मिळाला हे खरं, पण भांडवल आणि निर्णय सरकारकडून आले की सभासदाला ते सरकारी दुकान वाटतं. २००२ मध्ये दिल्लीचा सुपर बाजार बंद पडला.

याच्या अगदी उलटा प्रयोग १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने केला. शेजारपाजारच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, सामान एकत्र येणार, एकाच्या घरी वाटप होणार. इथे दुकानच नाही, त्यामुळे पाटीही नाही आणि जाहिरातही नाही. मोजमाप, वाटप, हिशेब हे सगळं सभासदांनी करायचं, आणि त्यातला मोठा वाटा बायकांनी उचलला. पत्त्यांच्या पाठीवर छापायला यांच्याकडे काहीच नव्हतं, तरी ते टिकले.

पॉइंट्स

माझ्या कामाचा एक भाग म्हणजे खरेदीच्या ॲपमधल्या पॉइंट्सचा हिशेब. डेटाबेसमध्ये प्रत्येक पॉइंटच्या नावापुढे दोन रकाने असतात, किंमत आणि मुदत. मुदत संपली की पॉइंट शून्य. किंमत बदलायची तर एक आकडा बदलायचा, आणि अटींमध्ये तसा अधिकार आधीच लिहून ठेवलेला असतो. यात बेकायदेशीर काही नाही. कॅनडातला पत्ताही कायदेशीरच होता.

रॉचडेलच्या वहीतही दोन रकाने पुरले असते, सभासद क्रमांक आणि खरेदी. तंत्र म्हणून बघितलं तर आजचं ॲप हे काम कितीतरी सोपं करेल. पाचशे घरांच्या सोसायटीने महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं ठरवलं, तर त्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम दोन इंजिनिअर महिनाभरात लिहितील. अवघड भाग तेव्हा होता तोच आजही आहे. वार्षिक सभेला बसणं, पोटनियम वाचणं, वजनकाट्याशी उभं राहणं, वाढावा किती आणि का, हे विचारणं. कॅशबॅक या कटकटीतून आपली सुटका करतो आणि त्या बदल्यात आपलं मत घेतो.

म्हणून आता कुठलाही पॉइंट, व्हाउचर किंवा कूपन मिळालं की मी पत्त्यासारखंच त्याची पाठ बघतो. यावर सही कोणाची आहे, आणि उद्या याची किंमत निम्मी करायची ठरली, तर त्या बैठकीत मला खुर्ची आहे का?